आधी निळा जातो

बॅनरवर 'काला' हा शब्द काळ्या रंगात लिहीत नाहीत. 'काला पानी' असो, 'काला बाजार' असो, नाहीतर 'काला पत्थर', अक्षरं पिवळी आणि त्यांना तांबडी कड. कारण निव्वळ धंद्याचं होतं. बॅनर थेटराच्या कपाळावर, दोन मजले वर. बघणारा सायकलवरून जाणार, चौकात वळता वळता त्याला नाव वाचता आलं पाहिजे. काळी अक्षरं लांबून एकमेकांत मिसळतात आणि संध्याकाळी तर दिसेनाशीच होतात. पिवळ्याला तांबडी कड दिली की तेच अक्षर चौकाच्या पलीकडून हाक मारतं. "नाव काळं असलं म्हणून रंग काळा कशाला पायजे? वाचणारा आपल्या मनात काळा लावून घेतोय की," असं मामा म्हणायचा.

माझा मामा कोल्हापुरात सिनेमाची बॅनरं रंगवायचा. घरची माणसं सोडली तर त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळ्यांचा तो 'पेंटर'. कोल्हापुरात हे बिरुद मिरवायला छाती लागते. इथं बाबूराव पेंटर होऊन गेले, नाटकाचे पडदे रंगवता रंगवता त्यांनी स्वतःचा कॅमेरा बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. मामाला त्याची जाण होती. कुणी 'काय पेंटर' म्हणालं की तो हसून मान हलवायचा आणि नंतर मला म्हणायचा, "आपण नुसतं नावाचं. पेंटर एकच झाला."

तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्याची आठवण काढायला बसले की मला आधी सिनेमांच्या नावांतले रंग आठवतात, कारण आमचा तो खेळच होता. मंगळवार पेठेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये तो काम करत असायचा. मी रंगांच्या डब्यांशेजारी फळीवर बसून एका रंगाचं नाव घ्यायची आणि त्यानं हात न थांबवता पिक्चरचं नाव सांगायचं. तांबडा म्हटलं की 'लाल पत्थर'. हिरवा म्हटलं की 'हरियाली और रास्ता'. निळा म्हटलं की 'नीलकमल', आणि लगेच उलटा सवाल: "कुठला? राज कपूरचा का वहिदाचा?" एक १९४७चा, दुसरा १९६८चा. काळ्याची यादी संपायचीच नाही. पांढऱ्याशी मात्र तो अडायचा. 'सफेद हाथी' आणि 'सफेद झूठ' ही दोन नावं कशीबशी निघायची, तीही एकाच वर्षाची, १९७७ची. "पांढऱ्यावर पिक्चर काढून कोण बघणार?" तो म्हणायचा. "कापड पांढरं असतंय तवर काम सुरूच झालेलं नसतंय."

मामा या धंद्यात शिरला तेव्हा तो मिसरूड फुटायच्या आतला पोर होता आणि पडद्यावर रंग दुर्मीळ होते. रंग होते ते नावांत. १९५८ सालचा राज खोसलांचा 'काला पानी' काळा-पांढराच होता. देव आनंद, मधुबाला, नलिनी जयवंत, सगळे करड्याच्या कमीजास्त छटांत. पुढच्याच वर्षी 'काली टोपी लाल रुमाल' आला. नावात दोन रंग आणि पडद्यावर एकही नाही. आत बसलेल्या प्रेक्षकाला तो रुमाल शेवटपर्यंत करडाच दिसणार. तो लाल होता ते एकाच जागी, थेटराच्या बाहेर टांगलेल्या कापडावर. मामाच्या वस्तादांनी त्याच्या हातात पहिल्यांदा मोठा ब्रश दिला तो या रुमालासाठी. चेहरे वस्तादांचे, अक्षरं त्यांच्या थोरल्या चेल्याची, रुमाल मामाचा. ही गोष्ट तो इतक्यांदा सांगायचा की मामी स्वयंपाकघरातून पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकायची.

त्या काळात वितरकाकडून यायचे ते फोटो काळे-पांढरे. मधुबालाची साडी कुठल्या रंगाची, देव आनंदच्या कोटाचा रंग कुठला, हे मुंबईतून कुणी कळवत नसे. ते ठरायचं मंगळवार पेठेतल्या शेडमध्ये. म्हणजे कोल्हापूरकरांची मधुबाला अबोली साडी नेसायची आणि साताऱ्याची कदाचित मोरपंखी, आणि दोन्ही खऱ्या. सिनेमा रंगीत झाल्यावर हे स्वातंत्र्य गेलं. छापील पोस्टरं येऊ लागली आणि साडीचा रंग वरून ठरून येऊ लागला. लोकांना रंगीत सिनेमाचं अप्रूप वाटत होतं तेव्हा मामाच्या हातातलं निम्मं काम कमी झालं होतं. पण याबद्दल त्यानं कधी कुरकुर केलेली मला आठवत नाही. कुरकुर त्यानं केली ती पुढं, वेगळ्या गोष्टींवर.

'काला बाजार' त्याचा आवडता. विजय आनंदनं काढलेला, १९६०चा, आनंद बंधू तिघंही त्यात आहेत. देव आनंद त्यात सिनेमाची तिकिटं ब्लॅकनं विकतो आणि मुंबईच्या 'लिबर्टी'त झालेला 'मदर इंडिया'चा प्रीमिअर त्या सिनेमात आहे, खऱ्याखुऱ्या नटनट्या गाड्यांतून उतरताना दिसतात. बाकीचे लोक नर्गिस दिसली, दिलीपकुमार दिसला म्हणून खूश. मामाला त्यातली थेटराबाहेरची गर्दी आवडायची. सिनेमा म्हणजे आत पडद्यावर चालतं तेवढंच नाही. बाहेरची रेटारेटी, 'दो का पाँच'वाले, वर टांगलेलं बॅनर, हेही त्यात धरलेलं आहे, असं त्याला त्या पिक्चरमुळे वाटायचं. "पडद्यावर आमचा रस्ता दिसलेलं एकच पिक्चर," तो म्हणायचा.

बॅनर कसं होतं हे आता सांगायला हवं, कारण ते बघितलेली माणसंही कमी होत चालली आहेत. मांजरपाटाचे पट्टे शिवून मोठं कापड करायचं, लाकडी चौकटीवर ताणून ठोकायचं. त्यावर सरस आणि खडूच्या भुकटीचा हात द्यायचा, म्हणजे कापड तेल पीत नाही. वितरकाच्या फोटोवर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, कापडावर दोरीनं तेवढ्याच मोठ्या चौकटी, आणि मग फोटोतल्या चौकटीत जे असेल ते कापडावरच्या चौकटीत कोळशानं उतरवत जायचं. जवळून बघितलं तर एका चौकटीत नुसती भुवई, दुसरीत नाकपुडी. मामा कापडाला नाक लावून काम करायचा आणि तरी त्याला सगळा चेहरा दिसत असायचा. भुकटीचे रंग बेलतेलात घोटलेले, टर्पेंटाइनचा वास शेडच्या पत्र्यालाही लागलेला.

चेहरा रंगवताना तो गालाखाली निळा लावायचा. लहानपणी मला ते भयंकर वाटे. गोऱ्यापान वहिदाच्या हनुवटीखाली हा निळा ओरखडा कशाला? त्यानं मला खाली रस्त्यावर नेलं, पार पलीकडच्या पानपट्टीपाशी उभं केलं आणि म्हणाला, "आता बघ." निळा नाहीसा झाला होता आणि चेहरा कापडातून बाहेर आला होता. "नुसतं गुलाबी लावलं तर चेहऱ्याची बर्फी होतीय," तो म्हणाला. "निळा दिसला नाय पायजे, पण असला पायजे."

सिनेमा उतरला की बॅनर परत शेडमध्ये यायचं. त्यावर पुन्हा पांढरा हात, पुन्हा चौकटी, पुन्हा नवे चेहरे. एकाच कापडावर एकाखाली एक कितीतरी सिनेमे असायचे, आणि दर वेळी कापड थोडं जड व्हायचं. 'लाल पत्थर'मधल्या राजकुमारच्या अंगावर पुढं कुणीतरी हाणामारी करत असायचं. शेवटी ते इतकं जड व्हायचं की चौकट पेलायची नाही. मग ते जायचं कुणाच्या तरी गोठ्यावर, पावसाळ्यात गळतीला. तेलरंगाचे इतके थर, पाणी आत यायचा प्रश्नच नाही. मामाचं सगळं काम असं कुणाच्या तरी जनावरांच्या डोक्यावर संपलं. एकही बॅनर उरलेलं नाही. फोटोही नाहीत, कारण बॅनरचा फोटो काढायला लागणारे पैसे बॅनरच्या मजुरीत धरलेले नसत.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका उन्हाळ्यात 'नीलकमल' पुन्हा लागला. जुना, वहिदाचा. राजकुमारला भिंतीत चिणतात तो, आणि मुलीच्या पाठवणीचं रफीसाहेबांचं गाणं आहे तो. त्या गाण्याला बायका हमखास रडायच्या म्हणून आठवडा निघून जाईल असा थेटरमालकाचा हिशेब. मालक हिशेबाचा पक्का. बॅनरची मजुरी त्यानं इतकी घासली की त्यात चांगला निळा बसेना. निळा तेव्हा सगळ्यांत महाग. तांबडा गेरूत भागतो, पिवळा पिवडीत भागतो, निळ्याला भागवायला काही नाही. आणि नावच 'नीलकमल'.

मामानं वाण्याकडून नीळ आणली. कपड्यांची. आजीच्या फळीवरच्या पुड्याही गेल्या. त्यावरून झालेला दंगा मला नीट आठवतो. नीळ तेलात घोटली की काळवंडते. पुडीत असताना जो निळा डोळ्यांत भरतो तो तेलात बुडतो आणि नुसता गडद उरतो. मामानं तास-दोन तास डब्यात वेगवेगळं काय काय करून बघितलं, पांढरा घातला, तो आकाशी झाला, तसा त्याला नको होता. मग त्यानं मोठ्या कमळाच्या पाकळ्यांवर पातळ तेलाचा हात दिला, तो चिकट होईपर्यंत विडी ओढली, आणि मामीच्या पातळाच्या फाटक्या तुकड्यात नीळ बांधून ती कोरडीच वरून झटकत गेला. भुकटी तेलाला धरली आणि भुकटीच राहिली. शेडमधल्या त्या पिवळट बल्बखाली ते कमळ असं पेटलं की मामाचे दोन्ही चेले काम टाकून येऊन उभे राहिले. मामाचे हात कोपरापर्यंत निळे. त्यानं माझ्या नाकावर बोट टेकवलं.

शुक्रवारी आम्ही सगळे पहिल्या खेळाला गेलो. बाहेर कमळ निळंशार. आत दिवे गेले, पडदा उजळला आणि पाचच मिनिटांत खालच्या स्टॉलमधून आरडाओरडा सुरू झाला. सगळा पिक्चर गुलाबी होता. आभाळ गुलाबी, झाडं तपकिरी, वहिदा आणि मनोजकुमार दोघंही उन्हानं भाजल्यासारखे. गावोगाव फिरून आलेली प्रिंट होती. कुणीतरी ओरडलं, "पेंटरला आत पाठवा रे!" सगळं थेटर हसलं. मामाही हसला. अंधारात त्याचे दात तेवढे दिसले.

हे असं का होतं ते मला पुष्कळ नंतर पुण्यात कळलं. ईस्टमनकलर फिल्मवर रंगांचे तीन थर असतात: पिवळा, किरमिजी आणि निळ्याकडे झुकणारा सायन. तिन्ही मिळून सगळे रंग दाखवतात. पण हे थर सारखे टिकाऊ नसतात. त्या काळच्या प्रिंटांमध्ये सायन सगळ्यांत आधी उडायचा, मागोमाग पिवळा क्षीण व्हायचा, आणि किरमिजी तेवढा ठाम उभा राहायचा. गरम हवेत, पत्र्याच्या डब्यांत, एस.टी.च्या टपावरून हिंडणाऱ्या प्रिंटांचं तर बघायलाच नको. कमी उडणाऱ्या रंगांची प्रिंट-फिल्म आली ती ऐंशीच्या दशकात. त्याआधीच्या किती तरी प्रिंटा आज डब्यातून काढल्या तर आभाळ गुलाबी निघतं. ही गुलाबी प्रिंट खोटी नसते, हे ध्यानात घ्यायला हवं. तो गुलाबी पहिल्या दिवसापासून तिथंच होता. त्याच्या सोबतचे दोघं गेल्यावर तो एकटा दिसायला लागतो, इतकंच.

त्याच आठवड्यात वळीव झाला. वाऱ्यासह आडवा पाऊस, आणि मामाचं कमळ थेटराच्या भिंतीवरून ओघळत खाली आलं. तेलातले रंग जागच्या जागी. वरची कोरडी नीळ तेवढी निघून गेली. पांढऱ्या भिंतीवर निळ्या धारा. मालकानं भिंत रंगवायचा खर्च मजुरीतून कापून घेतला. पावसाच्या आडोशाला उभं राहून मामा ते बघत होता. मला वाटलं आता हा भडकणार. तो म्हणाला, "आत प्रिंटचा उडाला, बाहेर माझा. आता बरोबर झालं."

मामाचा सगळ्यांत मोठा देव म्हणजे व्ही. शांताराम. कोल्हापूरचे, बाबूरावांच्या हाताखाली शिकलेले. त्यांच्या आयुष्यात रंगांच्या बऱ्याच गोष्टी आहेत आणि मामाला सगळ्या पाठ होत्या. १९३३ साली 'प्रभात'नं 'सैरंध्री' पुन्हा केला, रंगात, प्रतींचं काम जर्मनीत. ते रंग काही केल्या नीट बसले नाहीत. पुढं 'दो आँखें बारह हाथ'च्या वेळी बैलाशी झुंजीचा प्रसंग करताना शांतारामबापूंच्या डोळ्यांना इजा झाली. ज्या सिनेमाच्या नावातच डोळे, त्यानंच डोळ्यांवर पट्टी आणली. पट्टीआडच्या त्या अंधारात त्यांना रंग सुचत गेले आणि १९५९ साली 'नवरंग' आला; सिनेमाच्या सुरुवातीला ते स्वतः येऊन हे सांगतात. "डोळं झाकल्यावर माणसाला नऊ रंग दिसले," मामा म्हणायचा, "उघडं असून आपल्याला किती दिसत्यात बघ."

'पिंजरा'ची गोष्ट मात्र मी त्याला सांगितली, त्यानं मला नाही. १९७२चा तो सिनेमा, मराठी माणसाच्या मनात रंगीत मराठी सिनेमा म्हणून ठसलेला. त्याचं मूळ १९३०च्या एका जर्मन सिनेमात आहे. योसेफ फॉन स्टर्नबर्गचा 'द ब्ल्यू एंजल', मार्लेन डीट्रिशनं गाजवलेला. शिस्तीचा मास्तर, नाचणारी बाई आणि मास्तराची माती होणं, हा सांगाडा तिथला. निळा देवदूत हे तिथल्या नाचगाण्याच्या अड्ड्याचं नाव. तो सिनेमा काळा-पांढरा आणि नावात निळा. आपल्याकडे आल्यावर पडदा रंगीत झाला आणि नावातला निळा निघून गेला. मामा यावर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे तिथंबी तोच पयला गेला."

पुण्यात शिकायला होते तेव्हा एका फिल्म सोसायटीत मी डेरेक जार्मनचा 'ब्ल्यू' बघितला. १९९३चा. एकोणऐंशी मिनिटं पडद्यावर फक्त एक निळा रंग. चित्र नाही, माणूस नाही, काही हलत नाही. फक्त आवाज, संगीत आणि बोलणं. जार्मनला एड्स होता, त्या आजारात त्याची दृष्टी जात चालली होती, आणि मेलेल्या मित्रांबद्दल, दवाखान्याच्या फेऱ्यांबद्दल, डोळ्यांत घालायच्या औषधांबद्दलचे शब्द त्या निळ्यावर ऐकू येत राहतात. १९९४च्या फेब्रुवारीत तो गेला. अर्ध्या तासानंतर त्या निळ्यात मला कडेकडेनं दुसरे रंग दिसायला लागले. डोळे आपोआप करतात ते. बाहेर आल्यावर रस्त्यावरचे सोडियमचे दिवे असह्य पिवळे वाटले.

दिवाळीला कोल्हापुरात गेल्यावर मामाला सांगितलं. मला वाटलं होतं तो हसेल. त्यानं विचारलं, "बॅनर कसं केलं असंल?" मग स्वतःच उत्तर दिलं, "सोपं नाय ते. एवढ्या मोठ्या कापडावर एकच निळा सारखा बसवणं लई अवघड. कडंला उतरतोय." जार्मनला तो निळा सुचला होता फ्रेंच चित्रकार इव्ह क्लाइनच्या चित्रांवरून, आणि क्लाइनची धडपड नेमकी हीच होती: कोरड्या भुकटीचा जो निळा असतो तो तेलात मिसळल्यावर मरतो, तो मरू न देता कॅनव्हासवर कसा टिकवायचा. त्यानं त्यासाठी एक वेगळं राळेसारखं माध्यम वापरलं. भुकटी होती अल्ट्रामरीनची. कपड्यांची जुनी नीळ म्हणजे तरी दुसरं काय, कारखान्यात बनलेलं अल्ट्रामरीनच. पॅरिसमधल्या त्या कलावंतानं सोडवलेलं कोडं मंगळवार पेठेत एकानं फाटक्या पातळाच्या तुकड्यानं एका आठवड्यापुरतं सोडवलं होतं. हे मी मामाला सांगितलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा विचारलं, "त्याचं पावसात टिकलं का?"

मग फ्लेक्स आला. सुरुवातीला महाग होता, तेव्हा मालक लोक अजून पेंटरकडे येत. मग स्वस्त झाला. सिनेमाचं काम थांबल्यावर मामानं दुकानांच्या पाट्या केल्या, गाड्यांचे नंबर लिहिले, गणपतीतल्या देखाव्यांचे पडदे रंगवले. मग पाट्याही फ्लेक्सच्या झाल्या. एकपडदा थेटरंही एकेक करून मिटत गेली. प्यायला तो आधीपासूनच बसायचा, आता उठेनासा झाला. संतापी होताच, आता संतापायला कारण लागेना. मामीवर हात उगारलेला मी एकदा बघितला आहे, आणि मामेभावाच्या लग्नात त्यानं भर मांडवात जे केलं ते अजून लोक एकमेकांना सांगतात. यातलं काहीही झाकून ठेवावं असं मला वाटत नाही. मामीचं तर निश्चितच झाकायला नको.

बाराव्याला सगळे जमले होते. बोलणं निघालं ते त्याच मांडवाचं, त्याच बाटल्यांचं. कुणी म्हणालं कलावंत माणसं अशीच असतात, कुणी म्हणालं मामीनं सोसलं. थोरल्या मामेभावानं सांगितलं की त्याला बापाचा आवाज आठवला की फक्त ओरडणंच आठवतं. मी काही बोलले नाही. तो बारावा होता, वाद घालायची जागा नव्हती. पण माणूस गेल्यावर त्याचं काय होतं ते मला त्या दिवशी डोळ्यांसमोर दिसलं. आठवण सगळीकडून सारखी फिकी होत नाही. ज्याचा त्रास झाला ते घट्ट राहतं. जे हळू आवाजात होतं, ज्याची कुणाला किंमत द्यावी लागली नाही, ते आधी उडतं. काही वर्षांतच उरतो तो एक ठाम गुलाबी माणूस, आणि पुढची पिढी समजते की तो असाच होता.

रंगीत सिनेमा टिकवायची एक जुनी रीत आहे. हॉलिवूडचे मोठे स्टुडिओ आपल्या महत्त्वाच्या सिनेमांच्या तीन वेगळ्या प्रती काढून ठेवत, एकेका मूळ रंगाची एकेक, आणि तिन्ही काळ्या-पांढऱ्या फिल्मवर. कारण काळ्या-पांढऱ्या फिल्ममधली चांदी रंगांसारखी उडत नाही. पुढं कधी गरज पडली की त्या तीन प्रतींतून सगळे रंग पुन्हा जुळवून घ्यायचे. आपल्याकडे हा खर्च बहुतेकांनी कधी केलाच नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसानं गोदामांतून, भंगारवाल्यांकडून रिळं वेचून आणली म्हणून जे वाचलं ते वाचलं. ज्यांचा निळा गेला त्यांतल्या पुष्कळांचा आता परत येणार नाही, कारण तो कुठं वेगळा नोंदवून ठेवलेलाच नाही.

मामाचा निळा मला ठाऊक आहे, म्हणून तो इथं लिहिते. शेडमध्ये रेडिओवर लता लागली की तो ब्रश बाजूला ठेवायचा, आणि आशा लागली की ब्रशचा वेग वाढवायचा. एका चेल्याला कावीळ झाली तेव्हा त्याच्या हिश्शाचं काम दोन महिने स्वतः करून त्याची मजुरी त्याच्या घरी पोचवली, आणि तो बरा होऊन आल्यावर त्याला पहिल्या दिवशी शिव्या घातल्या. माझ्या आईच्या लग्नातली रांगोळी त्यानं रात्रभर जागून काढली होती आणि सकाळी वरातीच्या घोड्यानं ती तुडवली तेव्हा तो घोड्याला काही बोलला नाही. विधवा झालेल्या शेजारणीच्या शिलाईच्या दुकानाची पाटी त्यानं फुकट लिहिली, आणि 'प्रोप्रायटर' हा शब्द तिच्या नावापुढं मोठ्या अक्षरात घातला. पोरींच्या हातात मोठा ब्रश देऊ नये असं सगळे म्हणत असताना 'काला पत्थर'च्या बॅनरवरचा खाणीतला अंधार त्यानं मला भरायला दिला. डब्यातला तयार काळा वापरू दिला नाही. "डब्यातला काळा मेलेला असतोय," म्हणाला, आणि निळ्यात तपकिरी मिसळून काळा कसा होतो ते दाखवलं. चासनाला खाणीतल्या १९७५च्या अपघातावरून सुचलेला तो सिनेमा. पाण्यात बुडालेल्या खाणीचा अंधार कोरा काळा असून चालणार नाही, आत कुठंतरी ओल दिसली पाहिजे, एवढा विचार त्यानं एका आठवड्यासाठी टांगायच्या कापडावर केला होता.

मामेभावांची मुलं आता मोठी झाली आहेत. त्यांतली एक पोरगी संगणकावर सिनेमांची पोस्टरं करते आणि तिनं मला परवा फोनवर विचारलं की आमचे आजोबा पण हेच करायचे ना, मग ते कसे होते. मी तिला नीळ कापडात बांधून झटकण्यापासून सुरुवात केली आणि मध्ये कुणाला बोलू दिलं नाही. तांबडं तिला बाकीचे सांगतीलच. ते सांगायला आमच्या घरात माणसांची कमी नाही.